कोकणातल्या सिनेगॉगांना हात हवे आहेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत कोकणातल्या सिनेगॉगांवर, म्हणजे ज्यूंच्या देवळांवर, सचित्र लेख आला होता. छायाचित्रं मन लावून काढलेली होती. पण ‘उरलेसुरले ज्यू’ आणि ‘कुलूपबंद वारसा’ हे शब्द त्यात इतक्या वेळा आले, की आमच्या समाजात आता फक्त भिंती राहिल्यात असं वाचणाऱ्याला वाटावं. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातली आहे. ठाण्यात राहते, मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि सिनेगॉगच्या स्वयंपाकात, साफसफाईत आणि अंत्यविधीच्या कामात जमेल तेवढी उभी असते. त्या लेखात एकही माणूस काम करताना दिसला नाही. म्हणून हे पत्र.

आम्ही थोडे आहोत हे खरंच आहे. 2011च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्रात ज्यूंची नोंद अडीच हजारांच्या आसपास झाली. 1948 नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली. माझ्या आईकडची अर्धी माणसं अशदोद आणि दिमोनाला आहेत. पण लोक कमी झाले म्हणून काम कमी होत नाही. सण तेवढेच, दिवे तेवढेच, जन्म-मृत्यूचे विधी तेच. पूर्वी जे काम पन्नास जण वाटून घेत ते आता आठ-दहा जणांवर येतं. ते आठ-दहा जण कोण, काय करतात आणि त्यांच्यानंतर कोण करणार, हे आपल्या वाचकांना कळावं, विशेषतः आमच्याच समाजातल्या तरुण वाचकांना, अशी माझी इच्छा आहे.

सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात, त्याला आम्ही मिन्यान म्हणतो. दहा जमले नाहीत तर सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर काढून वाचता येत नाही, आणि ज्याचे वडील नुकते गेलेत त्याला कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आमचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागतो. हिवाळ्यात सूर्य सहाला मावळतो आणि नोकरीवाला माणूस त्या वेळी कुर्ल्याला लोकलमध्ये लटकलेला असतो. मग दुपारपासून फोन सुरू होतात. आमच्याकडे हे फोन करण्याचं काम एक गृहस्थ वर्षानुवर्षं करत आहेत. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कुणाची पाळी रात्रीची आहे, कुणाचा मुलगा सुट्टीवर आलाय, सगळं त्यांना तोंडपाठ. माणसांना आकड्यांनी मोजू नये अशी ज्यूंची जुनी रीत आहे. स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. आठव्या शब्दाला माणसं संपली की सगळ्यांचे डोळे दाराकडे लागतात. या फोनवाल्या काकांचं नाव कुठल्याही पाटीवर नाही, आणि माझ्या मते सिनेगॉगचं सर्वांत मोठं काम तेच आहे.

आता मलिद्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो पूर्णपणे आपल्या मातीतला आहे. जगभरचे ज्यू एलिया हन्नबीला, म्हणजे संदेष्टा एलियाला मानतात. पण पोहे, नारळ आणि फळं मांडून त्याच्या नावाने मलिदा करण्याची रीत आम्हा कोकणातल्या बेने इस्राएलांची. लग्नाआधी, बाळंतपणानंतर, नोकरी लागल्यावर, आजारातून उठल्यावर, नवस फेडताना मलिदा होतोच. माघाच्या सुमाराला तू बिश्वात, म्हणजे झाडांचा सण येतो, तेव्हा मुंबई-ठाण्याहून बस करून माणसं अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात (घाटातलं खंडाळा वेगळं). तिथल्या कातळावर एलिया हन्नबीच्या रथाच्या आणि घोड्यांच्या खुणा आहेत, तो तिथूनच आकाशात गेला, अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे. लहान मुलांचं जावळही तिथे नेऊन काढतात.

बस सकाळी निघते, पण मलिद्याचं काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं. शंभर माणसांच्या मलिद्याला आठ-दहा किलो जाडे पोहे आणि तीसेक नारळ लागतात. नारळ फोडणारे वेगळे, खवणारे वेगळे. पाटावर विळी घेऊन बसणाऱ्या बायका आता फार थोड्या राहिल्या; तरुण मुली यंत्राने किसतात, त्याने खोबऱ्याला पाणी सुटतं आणि मलिदा लवकर आंबतो, म्हणून मी हाताने खवण्याचाच आग्रह धरते. पोहे मात्र आदल्या दिवशी भिजवायचे नाहीत. पहाटे धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे, म्हणजे मोकळे राहतात. मग साखर, खोबरं, वेलची, जायफळ, काजू, बदाम, मनुका. मोठ्या परातीत रास करायची आणि भोवती फळं मांडायची. प्रत्येक गोष्टीचा आशीर्वाद वेगळा आहे. झाडावरच्या फळाचा एक, जमिनीतून येणाऱ्याचा दुसरा, सुवासाचा तिसरा. सुवासासाठी आम्ही सब्जाची डहाळी ठेवतो. ती डहाळी कुणी तरी कुंडीत लावलेली असते, पाणी घालून जगवलेली असते. आमच्याकडे शेजारच्या इमारतीतल्या एका मराठी बाई गच्चीवर सब्जा लावतात आणि दर वेळी डहाळ्या आणून देतात. त्या ज्यू नाहीत. एलिया हन्नबीची प्रार्थना सुरू झाली की दाराशी डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहतात आणि मलिद्याची बशी घेऊनच घरी जातात.

शब्बाथच्या आशीर्वादासाठी मनुकांचं सरबत लागतं. काळ्या मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. बाटलीतला विकतचा रस आता सहज मिळतो, काही ठिकाणी तोच वापरतात. माझ्या मनाला ते पटत नाही. सरबत करायला म्हणून गुरुवारी दोन घरच्या बायका एकत्र येतात, बोलतात, एकीला दुसरीची अडचण कळते. रस विकत आणला तर ही गाठभेट संपते.

ठाण्याचं आमचं सिनेगॉग, शआर हशामाईम, 1879चं. टेंभीनाक्याजवळ आहे, आणि टेंभीनाक्याचं नवरात्र म्हणजे काय हे ठाणेकरांना सांगायला नको. आमचे शरदातले सण बहुतेक वर्षी नवरात्राला चिकटूनच येतात. नव्याचा सण म्हणजे वर्षारंभ, मग दारफळणी म्हणजे योम किप्पुर हा उपासाचा दिवस, मग मांडवाचा सण सुक्कोथ. रस्ते बंद, रिक्षा आत येत नाहीत, आणि ऐंशी वर्षांच्या आजींना पंचवीस तासांच्या उपासात देवळापर्यंत आणायचं असतं. पांढरे कपडे घातलेल्या म्हाताऱ्या माणसांना हात धरून गर्दीतून आणणारी आमची मुलं आणि त्यांना वाट करून देणारी मंडळाची मुलं, हे मी कित्येक वर्षं पाहत आले आहे. कुणी कुणाला निमंत्रण किंवा परिपत्रक पाठवत नाही. मंडळाच्या मुलांना आमच्या उपासाचा दिवस ठाऊक असतो, एवढंच. आपल्या वार्ताहराने कधी तरी त्या संध्याकाळी यावं आणि याचं छायाचित्र काढावं.

सुक्कोथला अंगणात मांडव घालतात. छप्पर झावळ्यांचं, आणि त्यातून रात्री चांदण्या दिसल्या पाहिजेत. झावळ्या आणणं, बांबू बांधणं, वर चढून फळं टांगणं ही कामं विशी-पंचविशीच्या मुलांची. मुलं यायची थांबली तर मांडव कंत्राटदाराला द्यावा लागेल. पैसे देऊन मांडव उभा राहील, त्याबद्दल शंका नाही. पण ज्या मुलाने बांबूची गाठ स्वतः मारली तो मुलगा पुढच्या वर्षी परत येतो. कंत्राटदार फक्त बिल पाठवतो.

योम किप्पुरच्या दुसऱ्या दिवशी आमच्यात शिळा सण असतो. त्या दिवशी गरिबांना दानधर्म करायचा आणि नातेवाइकांकडे जायचं अशी पद्धत. पूर्वी घरोघरी होत असे. आता एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून, शिधा आणि औषधं पिशवीत भरून, दोघा-दोघांनी जायचं असं आम्ही ठरवून घेतलं आहे. मुलं परदेशात, माणूस एका खोलीत, पैसे आहेत पण बोलायला कुणी नाही, अशी घरं बरीच. पिशवी द्यायला पाच मिनिटं लागतात आणि तिथून उठायला दीड तास. ज्यांना देवळात प्रार्थना म्हणता येत नाही, हिब्रू वाचता येत नाही, अशा मुलामुलींना मी आधी याच कामाला जोडून घेते.

अंत्यविधीच्या कामाबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, पण ते लिहायला हवं. आमच्यात मृताला समाजातलीच माणसं आंघोळ घालतात, पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्रिया. पांढरं कफन चढवतात आणि शक्यतो त्याच दिवशी दफन करतात. म्हणजे फोन रात्री तीनलाही येतो. पहिल्यांदा मला बोलावलं तेव्हा माझे हात थरथरत होते. माझ्याबरोबरच्या वयस्कर काकींनी काही न बोलता पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि कुठून ओतायला सुरुवात करायची ते बोटाने दाखवलं. काम चालू असताना बडबड करायची नाही, अंग उघडं पडू द्यायचं नाही, मृताच्या अंगावरून हातातली वस्तू एकमेकींना द्यायची नाही, हे सगळं असंच पाहून शिकायचं असतं. परतफेड करता न येणाऱ्या माणसावर केलेला हा उपकार, म्हणून आमच्या धर्मात याला सर्वांत खरी दया मानलं आहे. हे काम येणाऱ्या बायका आता साठीच्या पुढच्या आहेत. चाळिशीतल्या दोघी-तिघी जरी पुढे आल्या तरी पुढची वीस वर्षं निभावतील. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. पुस्तकात वाचून हे येत नाही, शिकवणारी जिवंत आहे तोवरच शिकून घ्यावं लागतं.

आता गावांकडे वळते. आमचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमची परंपरागत कथा आहे. बुडालेल्यांना जिथे पुरलं ते दफनस्थान नवगावला आहे. तिथून माणसं गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली गेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर ही आडनावं त्याच गावांवरून आली. रेवदंडा, पेण, पनवेल, अलिबाग इथली सिनेगॉगं एकोणिसाव्या शतकातली आहेत. अलिबागचं सिनेगॉग, मागेन आबोथ, 1848चं, आणि त्याच्या आसपासच्या वस्तीला आजही इस्राएल आळी म्हणतात. यांतल्या बहुतेक गावांत आता दहा पुरुष जमत नाहीत.

आमच्या समाजात यावर दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात, गावातलं देऊळ बंद करावं, सेफेर तोरा शहरात आणावी, उगाच देखभालीचा खर्च नको. त्यांची काळजी खोटी नाही. कोकणातल्या पावसात दोन वर्षं कौलं फिरवली नाहीत तर वासे कुजतात. पण मला हे मान्य नाही. वर्षातून निदान दोनदा शहरातल्या पंधरा-वीस माणसांनी एका गावी जायचं, देऊळ उघडायचं, झाडायचं, दिवे लावायचे, तिथल्या दफनभूमीतलं गवत काढायचं, प्रार्थना करायची आणि तिथे उरलेल्या एक-दोन घरांबरोबर जेवून परत यायचं, एवढं आपण करू शकतो. काही गट हे करतातही. पुरातन वास्तूसाठी निधी देणारे भेटतात, परदेशातले नातेवाईकही पैसे पाठवतात. रविवारी सकाळी कोयता घेऊन येणारा माणूस मिळवणं जास्त अवघड आहे.

आणि या गावांत ज्यांनी आजवर लक्ष ठेवलं ते आमचे शेजारी. कुठे किल्ली कोळ्याच्या घरी असते, कुठे मुसलमान कुटुंब देवळाचं आवार झाडतं, कुठे आगरी शेतकरी बांधावरून जाता जाता दफनभूमीचं फाटक लावून घेतो. त्यांना कुणी पगार देत नाही. रायगडातल्या वाचकांना माझी विनंती आहे की आपल्या गावात हिब्रू अक्षरं कोरलेल्या थडग्यांची जागा असेल, तिथे कचरा पडत असेल किंवा कुंपण तुटलं असेल, तर जवळच्या सिनेगॉगला एवढा निरोप द्यावा. पुढचं आम्ही पाहू.

एक गोष्ट आमच्यातल्या पुरुषांसाठीही लिहिते. मिन्यानमध्ये आम्हा बायकांना धरत नाहीत. तो धर्माचा नियम आहे आणि मी तो मानते. पण पोहे किती आणायचे, बस कुठली ठरवायची, डागडुजीचे पैसे आधी छपराला लावायचे की रंगाला, हे ठरवणाऱ्या समितीत बायका नसाव्यात असं कुठल्याही धर्मग्रंथात मी वाचलेलं नाही. काही ठिकाणी बायका समितीवर आल्या आहेत आणि तिथे कामं वेळेवर होतात. काही ठिकाणी अजूनही त्यांना फक्त ‘मलिद्याचं तेवढं बघा’ असं सांगतात. काम ज्यांच्या हाताने होतं त्यांना हिशेबाची वहीही दिसली पाहिजे.

शेवटचं काम असं आहे की त्यात ज्यू नसलेले मराठी वाचकही हात लावू शकतात. 1880मध्ये बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी आपल्या लोकांत कीर्तन सुरू केलं. हरदासी कीर्तनाचीच घडण, पूर्वरंग-उत्तररंग, साक्या, दिंड्या, ओव्या, आणि आख्यान आब्राहामचं, योसेफचं, मोशेचं. ज्यांना हिब्रू कळत नव्हतं अशा हजारो बेने इस्राएलांना आपल्या धर्माच्या गोष्टी मराठी कीर्तनातून कळल्या. माझ्या आत्याला योसेफाच्या आख्यानातली पदं पाठ होती. ती पोळ्या लाटताना म्हणायची. तिची वही माझ्याकडे आहे. शाई फिकी पडली आहे, काही पानं वाळवीने खाल्ली आहेत, आणि काही ओळींवर फक्त ‘चाल : वरीलप्रमाणे’ एवढंच लिहिलंय, पण वरचं पान गेलेलं आहे. अशा वह्या घरोघरी आहेत, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. माणसं इस्राएलला जाताना सामान हलकं करायचं म्हणून कित्येक रद्दीत गेल्या.

या वह्यांची छायाचित्रं काढून ठेवणं आम्हाला जमतं. पण मोडीच्या वळणाचं जुनं देवनागरी लिहिणं वाचून संगणकावर उतरवणं, वृत्त ओळखणं, साकी कुठे संपते आणि दिंडी कुठे सुरू होते हे सांगणं, त्यासाठी मराठी जाणणारी माणसं हवीत. मराठीचे निवृत्त प्राध्यापक, कीर्तनकार, संगीत शिकणारी मुलं यांपैकी कुणीही महिन्यातून दोन तास दिले तरी पुष्कळ आहे. ज्या म्हाताऱ्या बायकांना चाली येतात त्यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण करायचं आहे. एक अट आहे. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ हे काम होणार नाही, कारण शब्बाथला आम्ही लिहीत नाही आणि यंत्र चालवत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी मागणी छोटी आहे. ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात भजन, प्रवचन, उरूस, चर्चमधली प्रार्थना यांच्या नोंदी येतात. ठाणे आणि रायगड आवृत्तीत आमचेही सण यावेत. खंडाळ्याचा उरूस, सुक्कोथचा मांडव, हनुक्काचे दिवे, गावच्या देवळातल्या साफसफाईचा रविवार, एवढं दोन ओळींत छापावं. सुरक्षेच्या कारणाने आमच्या दारात पोलीस असतात आणि अनोळखी माणसाला थेट आत सोडत नाहीत. 2008च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हे करावंच लागलं. त्यामुळे पाहायला येणाऱ्यांनी ओळखपत्र आणावं आणि आधी कळवावं. पोलिसांना पाहून मागे फिरू नये, आत आपलं स्वागतच होईल.

आणि आमच्या मुलांनो, जे पवई, मगरपट्टा, हिंजवडीला नोकरी करता आणि वर्षातून एकदा दारफळणीला येता, तुम्हाला कुणी नियमित प्रार्थनेची सक्ती करत नाही. महिन्यातली एक शुक्रवारची संध्याकाळ किंवा एक रविवारची सकाळ सांगा. फोनवाल्या काकांच्या यादीत तुमचं नाव त्या एका दिवसापुरतं लिहिलं जाईल. मुलींनी माझ्याकडे सांगावं. पुढच्या मलिद्याच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता नारळ फोडायला घेणार आहोत. विळ्या दोनच आहेत, तेव्हा घरी असेल तर घेऊन यावी.

माझं नाव छापू नये ही विनंती, कारण यात लिहिलेलं काम अनेकांचं आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे